लाल खडूतलं रोम आणि ठाण्याचा पावसाळा: वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेले प्रश्न जवळपास एकाच विषयाभोवती फिरतात: अठराव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकारांनी रोममधल्या अवशेषांवरून केलेली लाल खडूची रेखाटनं. नौपाड्यातल्या एका वाचकांच्या घरी असं एक चित्र आहे. बाकीच्यांनी ते कसं ओळखायचं, कसं जपायचं आणि तसं काढायचं कसं, हे विचारलं आहे.

प्रश्न: आजोबांच्या कागदपत्रांत लाल-तपकिरी रंगाचं एक रेखाटन सापडलं. तीन उंच खांब, मोडकी कमान, खाली गुरं आणि धुणं धुणाऱ्या बायका. एका दगडावर 'एच. रोबेर' असं कोरल्यासारखं काढलं आहे. हे खरं चित्र आहे की छापील? (वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर: नावाकडे सगळ्यात शेवटी बघा. फ्रेंच चित्रकार ह्यूबेर रोबेर (१७३३–१८०८) आपलं नाव आणि साल अवशेषांतल्या दगडावर कोरीव लेखासारखं काढत असे हे खरं, पण ही लकब सर्वांना माहीत आहे आणि नंतर कोणालाही ती उचलता येते. कागद आणि खडू खोटे पाडणं त्यापेक्षा कितीतरी अवघड. म्हणून तपासणी त्यांच्यापासून सुरू करा.

आधी तयारी. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. टेबलावर स्वच्छ पांढरा कागद पसरा आणि पंखा बंद ठेवा. चित्र हातात उचलू नका, खाली जाड पुठ्ठा सरकवून पुठ्ठ्यासकट हलवा. पृष्ठभागाला बोट लावायचं नाही, रंग निघतो का हे बघायला ओला कापूस तर मुळीच नाही. लाल खडू म्हणजे निसर्गात मिळणारी, लोहाच्या ऑक्साईडने लाल झालेली चिकणमाती. आपल्या गेरूच्याच जातीची, पण काडी कापून घेता येईल इतकी घट्ट. तिचे कण कागदावर नुसते अडकलेले असतात, त्यांना धरून ठेवणारं तेल किंवा गोंद नसतो.

आता दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. हाताने ओढलेल्या खडूचा रंग कागदाच्या उंचवट्यांवर बसलेला दिसेल आणि मधल्या खळग्यांत कोरा कागद राहिलेला असेल. कण लहानमोठे, वेडेवाकडे असतात. एकाच रेषेत दाब वाढतो, कमी होतो, टोक बोथट झालं की रेषा रुंदावते. छापील चित्रात शाई मात्र खळग्यांतही उतरलेली असते.

इथेच मोठी फसगत होते, कारण त्याच काळात फ्रान्समध्ये खडूची हुबेहूब नक्कल करणारी छपाई निघाली होती. झां-शार्ल फ्रांस्वा याने १७५७च्या सुमारास ही पद्धत पुढे आणली आणि जिल दमार्तो (१७२२–१७७६) याने, मुख्यत: बूशे या चित्रकाराच्या रेखाटनांवरून, लाल शाईत शेकडो चित्रं छापली. तांब्याच्या पत्र्यावर दातेरी चाक फिरवून ठिपक्यांची रेषा उठवत आणि ती लाल शाईने छापत. हातभर अंतरावरून भले भले फसतात. भिंगाखाली मात्र ठिपके एका मापाचे, ओळीने येणारे दिसतात, कारण चाकाचे दात पुन:पुन्हा त्याच क्रमाने टेकतात. खोली अंधारी करून मोबाईलची बॅटरी कागदाला जवळजवळ समांतर धरा. चित्राभोवती चौकोनी दबलेली कड दिसली तर तो तांब्याच्या पत्र्याचा ठसा आहे. कड दिसली नाही म्हणून लगेच खूश होऊ नका, कडा कापून टाकलेले छाप पुष्कळ आहेत.

विसाव्या शतकातल्या प्रतिकृती ओळखणं सोपं. भिंगाखाली चार रंगांच्या ठिपक्यांची फुलं दिसली तर ती साधी ऑफसेट छपाई. बारीक गांडुळासारख्या वळवळत्या रेषांचं जाळं दिसलं तर कोलोटाईप, म्हणजे जिलेटिनच्या थरावरून केलेली छपाई. जुन्या संग्रहालयीन प्रतिकृती बऱ्याचदा याच पद्धतीच्या असतात आणि फ्रेममधून काढेपर्यंत भल्याभल्यांना खऱ्या वाटतात.

मग कागद उजेडासमोर धरा, तेही पुठ्ठ्याच्या चौकटीत आणि काही क्षणच. त्या काळच्या हातकागदात जवळजवळ बारीक रेषा आणि त्यांना काटकोनात साधारण २५ मिमी अंतरावर ठळक रेषा दिसतात. या ठळक रेषांच्या दोन्ही बाजूंना सावलीसारखा गडद पट्टा असेल तर कागद बनवायचा साचा जुन्या पद्धतीचा आहे. एकोणिसाव्या शतकातल्या सुधारित साच्यांच्या कागदात ही सावली दिसत नाही. जलचिन्ह, म्हणजे कागद उजेडात धरल्यावर दिसणारी कारखान्याची खूण, सापडलं तर त्याचा फोटो उजेडात घ्या. वर्तुळातलं लिलीचं फूल मध्य इटलीतल्या कागदांवर वारंवार येतं आणि रोममध्ये बसून काढलेल्या चित्राला ते शोभतं. '१७४२' असा आकडा दिसला तर तेच चित्राचं साल समजू नका. १७४१च्या फ्रेंच हुकुमानुसार तो साच्यात घालावा लागला आणि कित्येक कारखान्यांनी तोच साचा पुढे वर्षानुवर्षं वापरला. जलचिन्हात 'कॅन्सन' किंवा 'अँग्र' असं नाव असेल तर कागद एकोणिसाव्या शतकातला किंवा त्यानंतरचा. शेवटची झटपट चाचणी अतिनील बॅटरीची: अंधारात दोन-तीन सेकंद टाका. कागद निळसर-पांढरा झगझगला तर त्यात शुभ्रक, म्हणजे कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घालतात ते रसायन, मिसळलं आहे, म्हणजे तो १९५० च्या आसपासचा किंवा त्यापुढचा.

या सगळ्यातून चित्र पार झालं तरी एवढंच सिद्ध होतं की ते जुनं आहे आणि हाताने काढलेलं आहे. ते रोबेरचं आहे का, हा वेगळा आणि कठीण प्रश्न. रोममधल्या फ्रेंच अकादमीचे विद्यार्थी, त्यांचे सोबती, हौशी प्रवासी असे अनेकजण तिथे तेच अवशेष त्याच खडूने काढत होते. अकादमी तेव्हा पालाझ्झो मान्चिनी या वाड्यात होती, संचालक शार्ल-जोझेफ नात्वार विद्यार्थ्यांना उघड्यावर निसर्गचित्रण करायला उत्तेजन देत असे. रोबेर १७५४ ते १७६५ या काळात रोममध्ये होता. दुसरा फ्रेंच चित्रकार फ्रागोनार १७५६ ते १७६१ मध्ये तिथे होता आणि १७६० चा उन्हाळा त्याने रोमजवळच्या तिव्होली गावी, व्हिला देस्ते या वाड्यात काढला. दोघांची त्या काळातली काही रेखाटनं इतकी जवळची आहेत की तज्ज्ञांचेही एकमेकांशी वाद होतात. मागच्या बाजूचे शिक्के, जुने आकडे, संग्राहकांच्या छोट्या खुणा यांचे फोटो जपून ठेवा आणि मागे चिकटवलेला कागद काढू नका. पुढे मालकीचा इतिहास शोधताना त्याच खुणा उपयोगी पडतात.

प्रश्न: याच चित्रात सावलीच्या रेषा डावीकडून उजवीकडे उतरतात आणि रंग फिका, जरा दाबलेला वाटतो. चित्रकार डावखुरा होता का? (तेच वाचक)

उत्तर: डावखुरेपणाआधी दुसरी शक्यता तपासा. हा उलटा ठसा असू शकतो. उजव्या हाताने काढलेल्या तिरप्या रेषा सहसा उजवीकडे वर आणि डावीकडे खाली अशा पडतात. त्या काळी चित्रकार खडूच्या ताज्या रेखाटनावर ओलसर कोरा कागद ठेवून दोन्ही छपाईच्या दाबयंत्रातून काढत. सैल खडू वरच्या कागदावर उतरे आणि चित्राची आरशातली प्रत मिळे. तिच्यात रंग मूळ चित्रापेक्षा फिका असतो, कणांची चमक गेलेली असते आणि सगळ्या रेषांची दिशा उलटी होते. यात मूळ चित्रही दाबलं जाऊन त्यातला सैल खडू निघून जातो, त्यामुळे पुढे तो कमी पुसला जातो. रोबेरने असे ठसे पुष्कळ काढले आणि काहींवर नंतर पुन्हा खडूने हात फिरवला.

ताडायची सोपी रीत म्हणजे चित्राचा फोटो मोबाईलवर आडवा उलटवून बघणे. उलटवल्यावर इमारतींची मांडणी खऱ्या जागेशी जुळली, दगडावरची अक्षरं सरळ झाली, उजेड जिथून यायला हवा तिथून आला, तर तो ठसाच. तुमच्या चित्रात नाव सरळ वाचता येतं, म्हणजे एकतर ते नंतर घातलं आहे किंवा हा ठसा नाही. त्या अक्षरांचा खडू बाकीच्या रेषांसारखाच दाबलेला आहे की वर मोकळा बसला आहे, हे भिंगाखाली बघा. मोकळा असेल तर नाव मागाहून आलं. उलट्या ठशाला बाजारात मूळ चित्रापेक्षा कमी किंमत येते, पण तोही चित्रकाराच्याच कार्यशाळेतला असतो. त्याला नक्कल म्हणणं अन्यायाचं होईल.

प्रश्न: अशा चित्रातला अवशेष कोणता हे कसं ठरवायचं? (वाचक, ऐरोली)

उत्तर: खांब मोजा, ते कसे उभे आहेत ते बघा, मग जमिनीची पातळी बघा. तीन खाचदार कोरिंथियन (डोक्यावर कोरीव पानं असलेले) खांब एका रांगेत आणि वर तुळईचा तुकडा असेल तर रोमन फोरममधलं, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकातलं, कॅस्टर आणि पोलक्सचं देऊळ. तीनच खांब, पण काटकोनात, म्हणजे कोपरा धरून उभे असतील तर वेस्पासियनचं देऊळ. आठ आयोनिक (डोक्यावर दोन्हीकडे गुंडाळीसारखी वळणं असलेले) खांब खाचांविना असतील तर सॅटर्नचं. सहा खांबांच्या मागून चर्चचं तोंड डोकावत असेल तर अँटोनायनस आणि फाउस्तीनाचं. कड्यावरचं छोटं गोल देऊळ बहुतेक तिव्होलीचं: मूळ अठरांपैकी दहा खांब आजही उभे आहेत.

जमिनीची पातळी हा फार चांगला पुरावा आहे. अठराव्या शतकात फोरमवर शतकानुशतकांचा गाळ साचलेला होता आणि तिथे गुरांचा बाजार भरे, म्हणून नौपाड्याच्या चित्रातली गुरं अगदी योग्य जागी आहेत. सेप्टिमियस सेव्हरसची कमान अर्धी गाडलेली होती आणि वेस्पासियनच्या देवळाचे खांब तर वरच्या भागापुरतेच जमिनीबाहेर होते. पद्धतशीर खोदाई १८०३ पासून सुरू झाली, फोरममधल्या, फोकस या सम्राटाच्या स्तंभावरचा लेख १८१३ मध्ये उघडा पडला. म्हणून वेस्पासियनचे खांब तळापर्यंत मोकळे काढलेले असतील तर चित्र १७६० चं असू शकत नाही, मग खाली सही कोणाचीही असो.

मागे जुन्या फ्रेंचमध्ये देवळाचं नाव लिहिलेलं असेल तर एक लक्षात ठेवा: तेव्हाची नावं वेगळी होती. कॅस्टरच्या देवळाला ज्युपिटर स्टेटरचं, वेस्पासियनच्या देवळाला गडगडणाऱ्या ज्युपिटरचं, सॅटर्नच्या देवळाला कॉन्कॉर्डचं म्हणत. मॅक्सेन्शियसच्या बॅसिलिकेला, म्हणजे मोठ्या सार्वजनिक सभागृहाला, शांतीचं देऊळ म्हणत. अशी 'चुकीची' नावं असणं हे चित्र जुनं असल्याच्या बाजूने जातं. आणि कुठलीच जागा जुळत नसेल तर खंत नको. या चित्रकारांना वेगवेगळे अवशेष एकत्र रचून कल्पित दृश्य करायची आवड होती. रोबेरवर ज्याचा मोठा प्रभाव पडला तो चित्रकार पानिनी याच रचनेचा उस्ताद होता.

प्रश्न: खारघरला आमची पश्चिमेची भिंत पावसाळ्यात ओल धरते. खडूच्या जुन्या चित्राची फ्रेम कशी करावी? कागदावर तपकिरी ठिपकेही आले आहेत, ते घालवता येतील का? (वाचक, खारघर, नवी मुंबई)

उत्तर: आधी ती भिंत सोडा. नैऋत्येचा पाऊस ज्या भिंतीवर आपटतो ती, आणि न्हाणीघराला लागून असलेली, या दोन्हींवर कागदाचं चित्र लावू नये. घराच्या आतली, दोन खोल्यांमधली भिंत निवडा. हवेतली सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी. ६५ च्या वर ती टिकून राहिली की बुरशी उगवायला लागते आणि आपल्याकडे जुलैत ती सहज ८० च्या पुढे जाते. डिजिटल आर्द्रतामापक चित्राजवळ ठेवा, किंमत काही शे रुपये असते. रात्री एसी आणि दिवसा खिडक्या उघड्या, या सवयीने जास्त नुकसान होतं: थंड काचेवर आतून पाणी धरतं आणि कागद रोज फुगून आक्रसतो. शक्य असेल तर पावसाळ्याचे चार महिने चित्र उतरवून, सपाट, बंद कपाटात ठेवा.

फ्रेमवाल्याला या गोष्टी लिहूनच द्या.

काच हवी, अॅक्रिलिक नको. अॅक्रिलिकवर स्थिर वीज साचते आणि ती खडूचे कण कागदावरून ओढून घेते. काचेच्या आतल्या बाजूला लालसर धूळ दिसली तर हेच झालेलं असतं. अतिनील किरण अडवणारी काच परवडली तर उत्तम.

चित्र आणि काच यांच्यात अंतर हवं. नेहमीचा दीड मिमीचा माउंट, म्हणजे चित्राभोवतीची खिडकी कापलेली पुठ्ठ्याची चौकट, सैल खडूला पुरत नाही. ३ मिमीचा घ्या, किंवा चौकटीच्या आत पट्टी बसवून अंतर ५ मिमीपर्यंत न्या. माउंट आणि मागचा पुठ्ठा दोन्ही सुती लगद्याचे, आम्लमुक्त असावेत. नेहमीचा हार्डबोर्ड किंवा एमडीएफ मागे लागला की त्यातल्या आम्लाने काही वर्षांत कागद पिवळा पडतो, आणि तो पिवळेपणा माउंटच्या खिडकीच्या कडेने सरळ रेषेत दिसतो.

चित्र चिकटवू नका. फेव्हिकॉल, सेलोटेप, दोन्ही बाजूंची टेप, मैद्याची खळ, काहीही नको. मैद्यातलं प्रथिन झुरळांना आणि कसरींना आमंत्रण देतं आणि सुकल्यावर कडक होऊन कागद ओढतं. संवर्धक शुद्ध गव्हाच्या स्टार्चची खळ आणि जपानी कागदाच्या पट्ट्या वापरतात, पण थोडं पाणी जास्त झालं तरी जुन्या कागदावर कायमचा डाग उमटतो. घरी करायचं असेल तर पातळ आम्लमुक्त कागदाच्या त्रिकोणी घड्या करा, त्यांत चित्राचे चारही कोपरे सैल बसवा आणि फक्त घड्या पुठ्ठ्याला चिकटवा. कोपऱ्यात एक-दोन मिमी मोकळीक ठेवा. घट्ट बसवलं तर पावसाळ्यात फुगलेला कागद मध्ये उचलला जातो आणि काचेला टेकतो.

काच, माउंट आणि पाठीचा पुठ्ठा यांची कड सर्व बाजूंनी टेपने बंद करून मग तो गठ्ठा फ्रेममध्ये बसवला की बाहेरची ओल आत यायला वेळ लागतो. हे काम आर्द्रता कमी असताना, जानेवारी-फेब्रुवारीतच करा. पावसाळ्यात बंद केलं तर ओलच आत कोंडून ठेवल्यासारखं होतं. फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, म्हणजे भिंतीपासून सेंटीमीटरभर हवा खेळेल. कपाटात सिलिका जेल ठेवायचं तर ते चित्राला टेकू देऊ नका, जेलचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये सुकवून पुन्हा वापरा. डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांची वाफ थंड पृष्ठभागांवर पुन्हा जमते.

उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आत. लाल खडूचा रंग उन्हाने उडत नाही कारण तो लोहाचा गंज आहे, पण कागद करपतो आणि चित्राचं संतुलन बिघडतं. तीन-चार महिने लावा, मग तितकेच महिने अंधारात.

तपकिरी ठिपक्यांना घरी हात लावू नका. ते काही वेळा बुरशीचे असतात, काही वेळा कागदातल्या लोहकणांचे आणि बऱ्याचदा दोन्हींचे. ब्लीच, हायड्रोजन पेरॉक्साइड, ऊन दाखवणं, यातल्या प्रत्येकाने ठिपका फिका होईल आणि कागद मरेल. त्यातून लाल खडूचा रंग ओला होऊन पसरला तर तो परत बसवता येत नाही. खडू पक्का करणाऱ्या फिक्सेटिव्हचा फवाराही नको: कण एकमेकांना चिकटून गडद होतात, खळग्यांतला पांढरा कागद झाकला जातो आणि ज्याच्यासाठी हा खडू वापरला ती झळाळीच जाते. ठिपके वाढत असतील, केसाळ दिसत असतील किंवा कुबट वास येत असेल तर चित्र लगेच बाकीच्या कागदांपासून वेगळं करा, कोरड्या खोलीत सपाट ठेवा आणि कागद-संवर्धकाला दाखवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तु संग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारणा करता येते. नेताना सुरळी करू नका.

प्रश्न: असं जुनं चित्र परदेशातल्या लिलावात पाठवता येईल का? (वाचक, घोडबंदर रोड)

उत्तर: आधी पाठवू नका, आधी विचारा. १९७२ च्या पुरावशेषांच्या कायद्यात शंभर वर्षांहून जुनी चित्रंही येतात आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला निर्यात करता येत नाही. चित्र परदेशात काढलेलं आहे म्हणून आपोआप सूट मिळते असं धरून चालू नका. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्या. मुंबईतल्या खरेदीदारांना विकायचं असलं तरी आधी फोटो, मापं आणि मागच्या खुणांची नोंद करून ठेवा.

प्रश्न: मी कला महाविद्यालयात शिकते. बेलापूरच्या किल्ल्यावर जाऊन या पद्धतीने रेखाटन करायचं आहे. कुठला खडू घ्यावा? दुकानातला गेरू चालेल का? (वाचक, नेरूळ)

उत्तर: किल्ल्याची निवड छान आहे. पडकी भिंत, तिच्यातून उगवलेला पिंपळ, मागे मोकळं आकाश, हा त्या चित्रकारांचाच विषय. अंबरनाथचं शिवमंदिरही बघा, तिथली कोरीव सावली लाल खडूला फार मानवते.

जमिनीतून निघणारा चांगल्या प्रतीचा लाल खडू आता सहज मिळत नाही. बाजारातली 'सँग्विन' नावाची काडी किंवा पेन्सिल ही रंग, माती आणि बांधणारा पदार्थ मिसळून केलेली असते. दोन प्रकार दिसतील: कोरडी आणि तेलकट. कोरडीच घ्या. तेलकट कांडीची रेषा खोडता येत नाही आणि ती कागदाचे खळगे भरून टाकते. दुकानातला गेरू भुकटीच्या रूपात येतो आणि त्यात वाळू असते. तो तसाच चोळला तर बसत नाही, उडून जातो. काडी करून बघायची असेल तर तो पाण्यात ढवळा, जड वाळू तळाशी बसू द्या आणि वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात निथळून सुकवा. दोन भाग गेरू आणि एक भाग चिनी माती, अगदी पातळ डिंकाच्या पाण्यात कणकेसारखं मळून पेन्सिलीएवढ्या काड्या वळा आणि सावलीत सुकवा, उन्हात तडे जातात. काडी कागदावर घसरते, रंगच देत नाही, तर डिंक जास्त झाला. चुरा होते तर कमी पडला. म्हणून पहिल्यांदा तीन वेगळ्या प्रमाणांच्या दोन-दोन काड्याच करा.

कागद फिकट दुधी रंगाचा, थोडा खरखरीत, १५० ते २०० ग्रॅमचा सुती हातकागद. गुळगुळीत कार्ट्रिज कागदावर खडू घसरतो आणि दुसरा थर बसतच नाही. पावसाळ्यात कागद प्लास्टिकच्या पिशवीत न्या, ओल धरलेल्या कागदावर रंग चिकटून डागासारखा बसतो.

काम अशा क्रमाने करा. बसल्या जागी डोळ्यांच्या पातळीची रेषा अगदी हलकी ओढा. कमानीचा वक्र काढण्याआधी तिचा मध्य आणि दोन्ही टेकू ठरवा, नुसत्या नजरेने काढलेली कमान नेहमी एका बाजूला कलते. मग सावलीचे मोठे आकार एकाच दिशेच्या तिरप्या रेषांनी भरा आणि उजेडाच्या जागी कागद कोरा ठेवा, कारण पांढरा नंतर आणायचा नाही. बोटाने चोळू नका, चोळलं की कण खळग्यांत जातात आणि दगड चिखलासारखा दिसतो. झाडाची पानं एकेक काढायची नाहीत, मनगट सैल ठेवून गोल गोल वळणांच्या पुंजक्यांनी काढा. सगळ्यात गडद जागा, म्हणजे कमानीखालचा कोनाडा, दगडातली भेग, माणसाच्या पायाखालची सावली, या शेवटी घ्या, आणि तिथे काडीचं टोक किंचित ओलं करा. ओल्या खडूची रेषा कोरडीपेक्षा खूप गडद पडते. जुन्या चित्रांत गडद फटकारे दिसतात ते बऱ्याचदा असेच आलेले असतात. अशा आठ-दहा रेषा पुरतात. त्याहून जास्त झाल्या की चित्र ठिपक्याठिपक्यांत तुटतं.

माणसं घालायची तर त्यांची डोकी डोळ्यांच्या रेषेवर ठेवा, तुम्ही उभ्या राहून काढत असाल आणि जमीन सपाट असेल तर जवळची आणि लांबची सगळी. पाय मात्र अंतराप्रमाणे वरखाली जातील. हे सांभाळलं की किल्ल्याची भिंत खरी केवढी आहे ते कळतं. खोडायचं तर मळता येणारा खोडरबर दाबून उचला, घासू नका. घरी नेताना चित्रावर बटर पेपर ठेवून दोन पुठ्ठ्यांमध्ये चिमट्यांनी घट्ट धरा. वरचा कागद सरकला तर सगळ्या रेषांना एकाच दिशेने शेपट्या फुटतात, म्हणून चिमटे चारही बाजूंनी लावा.